सांगितलं होतं की!

मराठी ख्रिस्ती माणसाला गप्प करणारं सर्वांत जबरदस्त वाक्य कुठलं, असं विचाराल तर ते शुभवर्तमानात सापडणार नाही. ते चर्चच्या व्हरांड्यात ऐकू येतं. ‘सांगितलं होतं की!’

शब्बाथशाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाची वेळ बदलते, नाताळच्या नाटकाची तालीम ठरते, सहल निघते; घरी पत्ता नसतो. विचारायला जावं तर हे वाक्य अंगावर येतं. कुणाला सांगितलं होतं? आमच्या नातवाला. वय वर्षं सहा. बाई म्हणाल्या होत्या, ‘मेंढपाळ झालेल्यांनी काठी आणावी.’ आमच्या घरी पोचलं ते, ‘बाईंनी काठी मागितलीय.’ सूनबाई समजली, वर्गात शिस्त वाढली. (चर्चचं नाव सांगत नाही. रविवारी तिथंच बसायचं आहे.)

दुसरी पद्धत, उपासनेच्या शेवटी सूचना वाचण्याची. तेव्हा लहान पोरं रडायला लागलेली असतात, थोरांना घरचं मटण आठवत असतं आणि माईक नेमका खरखरत असतो. तिसरी पद्धत आधुनिक. व्हॉट्सॲपचा ग्रुप. ‘उद्या नऊऐवजी आठ वाजता’ ही ओळ दोन वाढदिवस, एक गुलाबाचं फूल आणि सदतीस ‘आमेन’ यांच्याखाली गाडली जाते. ती वर येते तिसऱ्या दिवशी. तोवर सहल जाऊन आलेली असते.

माझं भांडण एवढंच आहे की सांगणं वेगळं आणि कळवणं वेगळं. शब्द तोंडातून सुटला की सांगून झालं. तो घरात पोचला की कळवून झालं.

रविवारची शाळा ज्यानं नावारूपाला आणली तो रॉबर्ट रेक्स काही पाद्री नव्हता, वर्तमानपत्रवाला होता. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी १७८० साली त्यानं आठवडाभर राबणाऱ्या गरीब पोरांसाठी शाळा काढली आणि १७८३ साली तिची हकीकत आपल्याच ‘ग्लॉस्टर जर्नल’मध्ये छापली. पुढं गावोगावी शाळा निघाल्या. आपल्याकडेही अमेरिकन मिशननं १८४२ साली तेव्हाच्या अहमदनगरात ‘ज्ञानोदय’ काढलं. अशी छापील कागदाच्या मांडीवर वाढलेली आपली मंडळी, आणि आज तिला चार ओळींची चिठ्ठी लिहवत नाही!

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! पण निरोप चुकतो कुणाचा, ते पाहा. पंचांच्या मुलांचा कधीच चुकत नाही. बातमी जन्मते तीच त्यांच्या घरी. चुकतो तो, ज्याची आई नर्स आहे आणि रविवारी ड्यूटीवर आहे, ज्याचा बाप ट्रकवर आहे, जो आजीपाशी राहतो आणि आजीला वाचता येत नाही, अशा पोराचा. नाटकाच्या दिवशी सगळे देवदूत पांढरेशुभ्र आणि हे एकटंच लाल शर्टात. त्याला मागच्या रांगेत उभं करतात. पुढच्या रविवारी ते येत नाही. मग कमिटीत गंभीर चर्चा होते, ‘हल्लीच्या मुलांना गोडीच राहिली नाही.’

अहो, बेथलेहेमची बातमी आठवा. मेंढपाळ रात्रपाळीला होते. देवदूतानं मंदिराच्या दारावर नोटीस डकवली नाही. ते राखण करत होते त्या रानात जाऊन त्यानं सांगितलं. दिवस कुठला, गाव कुठलं आणि ओळखायची खूण काय. कपड्यात गुंडाळलेलं बाळ, गव्हाणीत. म्हणून तर मंडळी बरोबर पोचली!

तेव्हा पंचमंडळींकडे आमची मागणी एकच. महिन्याला अर्धा कागद. त्यावर तारीख, वेळ, काय आणायचं, मुलांबरोबर मोठं माणूस कोण आणि घरी कधी सोडणार. सहलीला घरच्यांची सही आल्याशिवाय एकही पोर गाडीत चढवायचं नाही. आजीला कुणीतरी जाऊन वाचून दाखवायचं, आणि यायचं थांबलेल्या पोराच्या घरी तर आधी जायचं. खर्च म्हणाल तर नाताळच्या एका चांदणीएवढाही नाही.

कागद न्यायला सहा वर्षांचे निरोपे आहेतच. त्यावरचा मजकूर ते बदलतील ही भीती नको. त्यांना अजून तेवढं लिहिता येत नाही.