कोरे तिकीट, शिक्क्याचे तिकीट

पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : तिकीट कोरे असावे की वापरलेले? अधिक मोल कशाला? सौंसरहून आलेल्या आमच्या भाच्याने मध्यंतरी हाच प्रश्न केला, आणि एका वाक्यात उत्तर देणे आम्हांस जमले नाही.

सामान्य नियम सांगावयाचा तर कोऱ्या तिकिटाला मोल अधिक. त्याचे कारण उघड आहे. तिकीट जन्माला येते ते खर्ची पडण्यासाठी. इंग्लंडमध्ये १८४० साली निघालेले जगातील पहिले तिकीट, ते काळे ‘पेनी ब्लॅक’, सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले; पण ते कोरेच जपून ठेवावे असे त्या काळी कितीजणांना सुचले असेल? म्हणून आज त्याची शिक्का बसलेली प्रत पुष्कळांना परवडते, कोरी थोड्यांनाच. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली. त्यांतील दीड आण्याचे तिकीट घरोघरी पत्रांवर लागले. दहा रुपयांचे तिकीट विकत घेऊन नुसते ठेवणे मात्र त्या दिवसांत सर्वांना शक्य नव्हते. त्याची मागील डिंकासह अस्पर्श राहिलेली प्रत आज वापरलेल्या प्रतीहून महाग आहे.

परंतु नियम उलटतोही. १९२३ साली जर्मनीत चलन असे कोसळले, की अखेरीस ५००० कोटी मार्कांचे तिकीट छापावे लागले. दर इतके भराभर वाढत, की कित्येक तिकिटे थोडेच दिवस कामी आली. उरलेल्या कोऱ्या तिकिटांचे गठ्ठे राहिले. तेथे कोरे तिकीट स्वस्त आणि खरोखर टपालातून गेलेले महाग. त्यामुळे लबाडांनी पुढे खोटे शिक्केही मारले, आणि शिक्का पारखणारे तज्ज्ञ निर्माण झाले.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. लहानपणी पांढुर्ण्याच्या घरी आम्हीही हा नाद केला होता. सौंसरच्या आत्याबाईंची पत्रे वडिलांना येत. आम्ही पाकिटांचे कोपरे कापले, तिकिटे पाण्यात भिजवून सोडविली आणि उरलेली पाकिटे बंबात घातली. पत्रे तेवढी वडिलांनी जपली. आत्याबाई पत्राच्या माथ्यावर ‘कार्तिक शुद्ध पंचमी’ अशी तिथी घालीत. शक वा सन कधी घालीत नसत. मळ्यातल्या विहिरीला पाणी लागल्याचे, संत्र्याची कलमे लावल्याचे त्यांचे पत्र आज आमच्याजवळ आहे. पण ते कोणत्या वर्षीचे, हे सांगणारे आता कुणी उरले नाही. ते सांगितले असते पाकिटाने : पुढे सौंसरचा शिक्का, मागे पांढुर्ण्याचा, दोन्हींत तारीख. आम्ही वाचविलेली तिकिटे बाजारात चहाच्या पैशांचीही नाहीत.

आपल्या मुलखाच्या पाकिटांना तर आणखी एक अर्थ आहे. पत्त्यात आधी ‘सी. पी.’ असे, पुढे ‘म. प्र.’ आले. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. १९७२ साली पिनकोड आला तेव्हा नागपूरचा ४४०, आपला ४८०. पहिला आकडा मात्र दोघांचा एकच राहिला. राज्ये वेगळी झाली तरी माहेर-सासरची पत्रे सीमा ओलांडीतच होती, आणि त्याची नोंद शिक्क्यांनी ठेवली.

तेव्हा भाच्याला आम्ही सांगितले ते असे : कोरे तिकीट घेतलेस तर त्याच्या डिंकाला बोट लावू नकोस, दमट हवेत ठेवू नकोस. वापरलेले घेतलेस तर कडेचे दाते शाबूत आणि शिक्का स्वच्छ पाहून घे. पण घरातले जुने पाकीट हाती आले, तर कात्री बाजूला ठेव. पाकीट, शिक्का आणि आतले पत्र एकत्र राहू दे.

त्याने कात्री खाली ठेवली, आणि पत्र उघडून आत्याबाईंचे अक्षर लावावयास बसला.