कोडाला कॅन्सर चिकटवू नका

कोड उठलं की घरात आधी लग्नाची काळजी सुरू होते. हल्ली तिच्या जोडीला कॅन्सरची भीती आली आहे. ‘रंग गेला म्हणजे उन्हापासूनचं संरक्षण गेलं, आज ना उद्या त्वचेचा कॅन्सर होणारच,’ असं शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. मेलॅनिन अतिनील किरणं अडवतं, इथवर त्यांचं बरोबर आहे. पुढचा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

२०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कोड असलेल्यांची तुलना त्यांच्या कोड नसलेल्या जोडीदारांशी केली. कोड असलेल्यांत मेलॅनोमाची शक्यता जोडीदारांच्या जवळपास एक-तृतीयांश निघाली आणि त्वचेचे इतर कॅन्सरही कमी आढळले. ती गोऱ्या कातडीची माणसं होती. आपल्याकडे हे कॅन्सर मुळातच विरळ. मग इथे ही धास्ती कशासाठी? धोका कमी का? मेलॅनोमा हा रंगपेशींचा कॅन्सर, आणि कोडात शरीराच्या टी पेशी नेमक्या रंगपेशींनाच शोधून मारतात. मेलॅनोमावर इम्युनोथेरपी घेताना ज्यांच्या अंगावर पांढरे डाग उमटतात, ते रुग्ण सरासरीने जास्त जगतात, तेही याच नात्यामुळे.

कोड हा असा स्वतःच्याच पेशींवर उलटणारा, म्हणजे ऑटोइम्यून आजार. पण ‘ऑटोइम्यून म्हटलं की कॅन्सर आलाच’ हेही असंच सरसकट विधान. डर्मॅटोमायोसायटिस या त्वचा आणि स्नायूंच्या ऑटोइम्यून आजारात धोका खरा आहे. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे, जिना चढताना मांड्यांत त्राण नाही, अशा प्रौढ रुग्णाची कॅन्सरसाठी तपासणी व्हायलाच हवी, विशेषतः निदानानंतरच्या पहिल्या वर्षात. त्या आजाराची भीती कोडावर लादणं हा रुग्णावर अन्याय आहे.

काळजी घ्यायची ती उपचारांची. बावचीचं तेल चोळून पोराला भर दुपारी उन्हात बसवायचं आणि मग पायावर पाण्याने टरारलेले फोड पाहायचे, हे अजून चालतं. बावचीतलं सोरालेन त्वचेला अतिनील किरणांसाठी हळवं करतं. सोरालेन देऊन केलेल्या प्रकाशोपचाराच्या शेकडो बैठका घेतलेल्या सोरायसिसच्या रुग्णांत त्वचेचा कॅन्सर वाढलेला दिसला आहे. नॅरोबँड यूव्हीबी या प्रकाशोपचार पद्धतीत सोरालेन लागत नाही, आणि तिच्याबाबत असा पुरावा आजवर मिळालेला नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावी. पांढरी कातडी लवकर भाजते, म्हणून एरवी उन्हात सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या. कोड असलेल्यांत थायरॉइडचे विकार मात्र खरोखरच जास्त आढळतात. टीएसएचची रक्ततपासणी तेवढी करून घ्यावी.