वाइनचे सोवळे

सोवळे गेले, असे जे म्हणतात त्यांनी अलीकडे एखाद्या सुशिक्षित घरात वाइनची बाटली उघडताना पाहिलेली दिसत नाही. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात जेवढे विधिनिषेध होते, त्याच्या दुप्पट आज त्या एका बाटलीभोवती उभे आहेत. आजीचे सोवळे निदान आंघोळ करून धूतवस्त्र नेसले की भागत असे. इथे पेला वेगळा, तो धरायची जागा वेगळी, हुंगायची रीत वेगळी. पेला दांडीला धरला तर पवित्र, पोटाला धरला की बाटला! बाटलीचे आणि बाटण्याचे नाते इतके जवळचे असेल, हे मराठी भाषा घडवणाऱ्यांच्याही ध्यानात आले नसेल.

आणि या साऱ्या धर्मशास्त्राचे महावाक्य एकच : पांढरी माशाला, लाल मटणाला. यात शिवाशिव झाली की संपलं. यजमान असा चेहरा करतो, जणू आपण श्राद्धाच्या ताटात कांदा वाढला.

गैरसमज नको. मी दारूबंदीच्या व्यासपीठावरून बोलत नाही आणि गुत्त्याच्या बाकावरूनही नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा पेला थंडगार पांढरी वाइन मला आवडते. दारूपायी बसलेली घरेही मी पाहिली आहेत, त्यामुळे एकाचे चार पेले करण्याची हौस नाही. माझे भांडण वाइनशी नाहीच. ते आहे तिच्या पुरोहितांशी.

भंडाऱ्याच्या माणसाने या भांडणात पडायचे कारण सांगतो. आमचा जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, मधून वाहणारी वैनगंगा आणि भोवती धानाच्या बांध्या. मासा आणि भात हा आमच्याकडे मेनू नव्हे, तो भूगोल आहे. त्या महावाक्याच्या न्यायाने पांढऱ्या वाइनने सगळ्यांत आधी धावत भंडाऱ्याला यायला हवे होते. ती आली, पण आमच्या पुण्याच्या भाच्याच्या बॅगेतून आणि नाक मुरडत. मरळीचा रस्सा चुलीवर रटरटत होता. त्याने झाकण उचलून वास घेतला आणि चिंतातुर होऊन म्हणाला,

"मामा, याच्यावर ही वाइन नाही चालणार. तुमचं जेवण फार स्ट्राँग आहे. हिला काहीतरी सौम्य पाहिजे."

आता बघा! बाटली काल आली, रस्सा पिढ्यान्‌पिढ्यांचा. जुळत नसेल तर दोष कोणाचा? रश्श्याचा! पाहुण्याला दार ठेंगणे पडते म्हणून घर पाडायचे, असला हा न्याय. माझा मुद्दा तेवढाच आहे : जोडी जुळवायची तर ताटापासून सुरुवात करावी, बाटलीपासून नव्हे.

महावाक्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवले की वाइनमधल्या लोहामुळे माशाबरोबर मागाहून तोंडात हिवस चव येते, आणि लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त असते. कबूल. पण ज्या माशासाठी ते महावाक्य रचले, तो लोणी आणि लिंबू लावून शांतपणे बशीत पडलेला मासा असतो. आमचा मासा सुके खोबरे, खसखस, लसूण आणि पवनीशेजारच्या भिवापूरची मिरची यांच्या संगतीत वाढतो. त्याची जोडी जुळवायची ती माशाशी नव्हे, मसाल्याशी. मी हे महावाक्य आमच्याकडे मासे आणणाऱ्या बाईला समजावून सांगितले. पाटी खाली ठेवून ती म्हणाली,

"मासोळी पांढरी म्हनून दारूबी पांढरी? मंग वांग्यासंगं जांभळी प्याची का?"

यावर मला उत्तर सुचले नाही. पुरोहितांना सुचले तर कळवावे.

दुसरे असे की, हे शास्त्र एकामागून एक येणाऱ्या पदार्थांसाठी आहे. आधी सूप, मग मासा, मग मांस, मग गोड. प्रत्येकाची वाइन वेगळी. आपल्या ताटात डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भात, वर रस्सा आणि कोपऱ्यात सणावारी पुरणपोळीसुद्धा, सगळे एकाच वेळी. एका घासात पाच चवी. त्यांना पाच वाइन लावायच्या तर जेवणारा आडवा व्हायचा. आणि गंमत पुढेच आहे. खुद्द फ्रेंच लोकांच्या मेजवानीतही पूर्वी एका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. एकेक पदार्थ वाढण्याची पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि तिला नावही 'रशियन पद्धत' असेच होते. म्हणजे ज्याला आपण सनातन धर्म समजून नमस्कार करतो, तो जेमतेम दोनशे वर्षांचा, आणि तोही उसना!

तिसरी गोष्ट वासाची. सोव्हिन्याँ ब्लाँ नावाची पांढरी वाइन आहे. (लिहायचे एक आणि म्हणायचे भलतेच, हाही सोवळ्याचाच भाग.) तिच्या वासाचे वर्णन करताना जाणकार मंडळी गूझबेरी, ओले गवत असे म्हणता म्हणता, मांजराच्या मुतासारखा वास, असेही खुशाल म्हणतात. आणि हे कौतुकाने! जुन्या रिस्लिंगला पेट्रोलचा वास येतो, तीही तारीफच. माझे म्हणणे असे की, मांजर आणि पेट्रोल ज्या पंगतीत बसू शकतात, तिथे आमच्या मोहाला पाट का नाही?

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. फिक्या पिवळट रंगाची, मांसल, गोड फुले. बायापोरे टोपल्या घेऊन वेचतात. वाळली की मनुकेसारखी दिसतात. तो वास ज्याने घेतला तो विसरत नाही, पण वाइनच्या कुठल्याही पुस्तकात त्याचे नाव नाही. कारण पुस्तके लिहिणारे साकोलीच्या जंगलात आले नाहीत, आणि साकोलीच्या जंगलातल्यांना पुस्तके लिहायला कोणी सांगितले नाही.

आणि हा नुसता नाकाचा प्रश्न राहत नाही, कायद्याचा होतो. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि द्राक्षाच्या वाइनला मायेने जवळ घेतले. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ती सुपरमार्केटात विकायचे ठरवले. त्यावर गदारोळ झाला तेव्हा सांगण्यात आले की हा शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न आहे. असेलही. द्राक्षवाला सुखी होवो. पण मोहफुले नुसती गोळा करून साठवण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडावे लागले. फुले, बरं का, दारू नव्हे! वाइन आंबवलेली असते आणि मोहाची गाळलेली, ती कडक असते, हा फरक मला कळतो. पण व्हिस्कीसुद्धा गाळलेलीच असते आणि तिला काचेचे कपाट मिळते. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून परवाना दिला. आमच्याकडे तेच नाव घेतले की पहिल्यांदा हातभट्टी आठवते आणि मग पोलीस. नाशिकचे फळ ते पीक आणि आमचे फूल तो गुन्हा, ही जोडी कुठल्या शास्त्रात बसते?

नुसते भांडून उठणे बरे नव्हे. तेव्हा ताटापासून सुरुवात केली तर काय हाती लागते, ते सांगतो.

तिखटाशी कडक आणि कोरडी वाइन लावू नये. अल्कोहोल तिखटाच्याच नसेला डिवचते, मग तोंडात वणवा. थोडी गोडसर, थोडी आंबट, कमी अल्कोहोलची आणि चांगली गार अशी वाइन तिखटाला समजावून सांगते. शेनँ ब्लाँ नावाच्या द्राक्षाची गोडसर वाइन नेमकी अशी असते. २००० साली नाशिकच्या सुलाने पहिल्यांदा वाइन बाजारात आणली, तेव्हापासून ही शेनँ आपल्याकडची आहे. मरळीच्या रश्श्याबरोबर ती घेऊन बघा. भाच्याने सौम्य जेवण मागितले होते. जेवण तेच ठेवायचे आणि बाटली बदलायची, इतके ते सोपे आहे.

सोव्हिन्याँला हिरवा वास असतो. ढोबळी मिरचीत जे द्रव्य वास देते, त्याच जातीचे द्रव्य तिच्यातही असते. तिला हिरव्याची संगत द्यावी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्या सांबाराची गरम वडी तिच्याशी सख्ख्या बहिणीसारखी वागते. लाखोळीच्या डाळीचे तळलेले वडे असतील तर बुडबुड्यांची वाइन. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून जिभेवरचे तेल पुसून काढतात, पुढचा वडा पहिल्यासारखाच लागतो. पुरणपोळीशी मात्र नाद करू नये. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन पाणचट आंबट लागते. पोळीला तूप आहे, तेवढे पुरे.

आणि गार म्हणजे आठ-दहा अंश. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळिसाकडे सरकतो तेव्हा 'खोलीच्या तापमानाला' ठेवलेली बाटली म्हणजे काढा. इथे एक पथ्य मी जरूर पाळतो, पेला दांडीलाच धरतो. हाताच्या उबेने वाइन तापते. कारण कळले की तो नियम सोवळे राहत नाही, शहाणपण होतो.

फरक तेवढाच आहे. आजीला "का?" असे विचारायची आमची छाती नव्हती. वाइनच्या पुरोहितांना विचारायला काय हरकत आहे? उत्तर आपल्या जिभेने दिले तर मानावे. नुसते पुस्तकाने दिले, तर आणखी एक पळी रस्सा वाढून घ्यावा.