गोधडीचे शब्द आणि गोधडीचा दर

गोधडी शिकवणाऱ्या वर्गाची जाहिरात वाचली की दोन शब्द हमखास सापडतात : 'फावल्या वेळात'. सावेडीत दुपारी गोधडी घेऊन बसलेली बाई सकाळी गुलमोहर रोडच्या बंगल्यांतली धुणीभांडी उरकून आलेली असते. संध्याकाळचा स्वयंपाक अजून व्हायचाच असतो. हिचा वेळ फावला कधी होता? हे शब्द मजुरी कमी देण्यासाठी वापरले जातात, आणि आपल्या महिला मंडळांनीही ते उचलले याचा मला राग येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, नव्यानं शिकणारीला शब्द शिकवायचेच तर सगळे शिकवू या.

दुपटं दोन पदरांचं, चौघडी चार पदरांची; मोजमाप नावातच आहे. त्याहून जाड, अनेक थरांची ती गोधडी, खेड्यात वाकळ. खालचं कापड म्हणजे अस्तर. त्याला जुनं लुगडं उत्तम. धुऊन धुऊन ते मऊ झालेलं असतं आणि आणखी आटत नाही. नवं कापड असेल तर आधी धुवा, नाहीतर पुढे गोधडीच आकसते. अस्तरावर भर घालायचा : जुनी धोतरं, सदरे, चादरी, शिवणी उसवून सपाट अंथरलेल्या. कापड विरलं असेल तिथे ठिगळ. वरचं कापड टाकून सगळे थर लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचे. इथे घाई केली की भर सरकतो, आणि सरकलेला भर उसवल्याशिवाय सरळ होत नाही. मग धावदोरा : कडेपासून सुरुवात करून चौकटीच्या आत चौकट, मध्याकडे. दोरा हातभरच घ्यावा, लांब दोरा गुंततो. गाठ थरांत दडवायची. शेवटी कडेला पट्टी दुमडून लावली की झाला गोट.

इतकं कुणीही शिकवतं. पुढचं शिकवत नाहीत. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी घ्या. ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवलं तर शिलाई भरते सुमारे ४२० फूट. इंचाला चार टाके धरले तर वीस हजारांवर टाके! ओळी अर्ध्या इंचावर आणल्या की काम दुप्पट. "ताई, टाके जरा जवळ जवळ घाला," असं माल नेणारा म्हणतो. नगाचा दर मात्र तोच राहतो. वर 'आईच्या मायेची ऊब' अशी चिठ्ठी लावून तीच गोधडी विकायची. या मायेचे पैसे कुणाच्या खिशात जातात, ते विचारायला नको का?

नगरच्या विडी कामगार बायकाही घरीच विड्या वळतात. पण त्यांच्यासाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला, हजार विड्यांमागे किमान दर ठरू लागला, आणि त्यामागे संघटना उभ्या होत्या. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानंही माल घरी नेऊन काम करून देणाऱ्याला कामगारांत धरलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्यावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. आणि आपण मात्र गोधडीला छंद म्हणतो.

दर वाढवला तर गिऱ्हाईक मशीनच्या गोधडीकडे वळेल, असं आपल्याच बैठकीत ऐकायला मिळतं. काही वळेलही. पण दुकानातल्या पाटीवर 'हातशिलाई' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून जादा पैसे घेतले जातातच ना? त्यातला वाटा मागण्यात लाजायचं कशाला?

वर्गाच्या पहिल्या दिवशी सुईबरोबर मोजपट्टी आणि वही द्या. ओळी किती अंतरावर, शिलाई किती फूट, तास किती, हे जिचं तिनं लिहावं; लिहिता येत नसेल तर शेजारणीनं. भाव नगावर नको, फुटावर बोला. टाचणं, उसवणं, गोट यांचे तास वेगळे मांडा, कारण हिशेबातून पहिल्यांदा तेच गाळले जातात.