धागा : दुर्बिणीच्या रिंगा, आजोबांची रायफल आणि पालघरचे रान

१/ बोईसरच्या एका तरुणाने मध्यंतरी विचारले, "आजोबांची विंचेस्टर १८९४ आहे, परवाना नावावर झाला आहे. तिच्यावर दुर्बीण बसवायची, तर माउंट आणि रिंगा कोणत्या घ्याव्यात?" प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात दडलेले आहे. माझे मत आधीच सांगतो : भोके पाडू नका. कारणे पुढे देतो.

२/ लिव्हर रायफल म्हणजे चापाभोवतीची लोखंडी दांडी खाली ओढून पुन्हा वर आणली की नवे काडतूस नळीत चढते, अशी बंदूक. १८९४ चा हा नमुना जॉन ब्राउनिंग यांचा. त्या काळी सामान्य शिकारी नळीवरच्या लोखंडी साइटनेच नेम धरीत असे. बंदुकीवर दुर्बीण ही विरळ चीज होती, त्यामुळे ब्राउनिंगनी तिच्यासाठी जागा ठेवली नाही. त्यात त्यांची चूक काढता येणार नाही.

३/ अडचण अशी, की या रायफलीतले रिकामे काडतूस थेट वर उडते. नळीच्या बरोबर माथ्यावर दुर्बीण बसवली, तर काडतूस तिच्यावरच आदळणार. प्रतिस्पर्धी मार्लिन कंपनीने १८८९ पासूनच काडतूस बाजूने बाहेर टाकून माथा बंद ठेवला होता. १८९९ च्या सॅव्हेज रायफलीतही काडतूस बाजूनेच पडे. दुर्बिणींचा काळ आला तेव्हा या दोन्ही सहज जुळल्या. विंचेस्टरने काडतूस तिरपे बाहेर फेकणारी सुधारणा केली ती थेट १९८० च्या दशकाच्या आरंभी.

४/ मग जुन्या विंचेस्टरपुढे उरतात दोन वाटा. पहिली, दुर्बीण डाव्या अंगाला सरकवून बसवणे. पण मग दृष्टीची रेषा आणि नळीची रेषा शेजारी-शेजारी धावतात. दोन्ही एकाच ठरावीक अंतरावर मिळतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे गोळी बाजूला पडते. दुसरी, दुर्बीण पुढे नळीवर नेणे. त्यासाठी डोळ्यापासून दूर राहूनही स्पष्ट दिसणारी खास दुर्बीण लागते. साधी दुर्बीण डोळ्यापासून तीन-चार इंचांवरच चालते.

५/ रिंगांचेही शास्त्र आहे. दुर्बिणीची नळी एक इंचाची, म्हणजे २५.४ मिलिमीटरची, की ३० मिलिमीटरची, हे आधी मोजावे. पाच मिलिमीटरहून कमी फरक, पण एकाची रिंग दुसरीला चालत नाही. पायपट्टी वीव्हर पद्धतीची असेल तर खाच सुमारे ४.६ मिलिमीटर, पिकॅटिनी असेल तर सुमारे ५.२. वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बहुधा बसते. उलटे मात्र सहसा जमत नाही.

६/ उंचीचा प्रश्न तर सर्वांत नाजूक. लिव्हर रायफलीचा दस्ता लोखंडी साइटसाठी घडवलेला, म्हणून खालच्या पातळीवर असतो. रिंग उंच घेतली तर गाल दस्त्यावरून उचलतो आणि नेम डळमळतो. फार बुटकी घेतली तर उघडा घोडा ओढायला अंगठ्याला जागा उरत नाही. घोडा अंगठ्याखालून निसटला तर अपघात ठरलेला. म्हणून अशा ठिकाणी घोड्याला बाजूने जोडदांडी लावतात.

७/ आता आपल्या मातीकडे वळू. हा मुलूख बंदुकीला नवखा नाही. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला गेला, आणि त्याच लढाईत बाजी भिवराव गोळी लागून पडले. पुढे जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानी आणि इंग्रजी अमदानीत शिकार ही प्रतिष्ठेची बाब होती. जव्हार-मोखाड्याच्या दाट रानात जनावर दिसे तेच जवळून, तेथे दुर्बिणीची गरज फारशी नव्हती.

८/ तो काळ संपला, आणि तो संपला हे बरेच झाले. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीची उरलीसुरली दारेही बंद झाली. आज उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या जनावरासाठीही कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मग ही दुर्बीण पाहणार तरी काय?

९/ दुसरी बाब कायद्याचीच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती वा रूपांतर हे परवानाधारकाचेच काम. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ड्रिल मशीन हाताशी असते, कारागीरही उत्तम असतात. पण म्हणून रविवारी दुपारी ओळखीच्या वर्कशॉपात रायफल घेऊन जाणे हा शहाणपणा नव्हे.

१०/ कोणी म्हणेल, वस्तू माझी, मी काहीही करीन. मान्य. परंतु एकदा पाडलेले भोक बुजवता येते, नाहीसे करता येत नाही. जुन्या रायफलीचे मोल तिच्या अस्पर्शित पोलादात असते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात. तेव्हा घरात जी उरली आहे, ती तरी मूळ रूपात राहो.

११/ त्या तरुणाला मी एवढेच लिहिले : भोके आधीपासून असतील, तर त्यांना जुळणारा बाजूचा माउंट परवानाधारक कारागिराकडून बसवून घे, रिंगा शक्य तितक्या बुटक्या घे, स्क्रू बेताने आवळ. भोके नसतील, तर रायफल तेल लावून ठेव, आणि आजोबा तिच्याविषयी जे सांगत ते आजीला विचारून वहीत उतरवून घे. दुर्बीण पुढच्या वर्षीही विकत मिळेल. आजीच्या आठवणी मात्र वाट पाहत थांबणार नाहीत. (धागा समाप्त)