आधी निदान, मग पाना

इंजिन नुकतेच बांधून आणलेले. रिंगा नव्या, गॅस्केट नवे. तरीही गाडी चढ चढत नाही. ‘कॉम्प्रेशन नाही,’ असे मिस्त्री म्हणतो आणि लगेच पाना हाती घेऊन हेड उतरवू लागतो. ही घाई हेच आपल्या गॅरेजचे, आणि आपल्या शिक्षणाचेही, खरे दुखणे आहे असे मला वाटते.

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये कोंडलेल्या हवेचा दाब. तो कुठून निसटतो, हे बहुधा इंजिन न उघडताही कळते. बॅटरी भरलेली असावी. इग्निशन तोडून सगळे प्लग काढावेत आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरला गेज लावून इंजिन सारखेच वेळा फिरवावे. आकडे लिहून ठेवावेत. मग दाब कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. शेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधल्या गॅस्केटवर संशय घ्यावा. चारही सारखेच कमी असतील तर टायमिंगच्या खुणा तपासाव्यात. टॅपेटला फट ठेवली नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. शिवाय नव्या रिंगा बोअरमध्ये नीट बसायला काहीशे किलोमीटर लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

अनुभवी मिस्त्रीच्या कानाला गेज कशाला हवा, असे कोणी म्हणेल. त्या कानाबद्दल मला आदरच आहे. पण कान दुसऱ्याला दाखवता येत नाही. कागदावरचे चार आकडे मालकालाही दाखवता येतात आणि शिकाऊ पोरालाही. आकडे नसले की नवे गॅस्केट वाया जाते, टॅक्सीवाल्याची आठवड्याची कमाई बुडते आणि ठपका मात्र येतो त्या पोरावर. पुरावा नसेल तेथे दोष नेहमी दुबळ्याच्याच माथी बसतो.

आपण वर्गात चार स्ट्रोकच्या सुबक आकृत्या काढतो आणि गुण मिळवतो. बिघडलेले इंजिन समोर ठेवून ‘दोष शोधा, कारणे द्या’ असे मात्र आपल्याला क्वचितच कोणी विचारते. उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत ज्या गावात आहे, तेथे हे अवघड नसावे. प्राध्यापकांनी वर्षातून एक तरी प्रात्यक्षिक असे घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे. पुढे आपल्यापैकी थोडेच इंजिने दुरुस्त करतील. पण ठपका ठेवण्याआधी मोजून पाहण्याची सवय सर्वांनाच लागेल.