व्यायाम सांगता, खुर्चीचे काय?

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला मनगटदुखीवरचा लेख वाचला. व्यायाम चांगले आहेत. पण ‘दर अर्ध्या तासाने उठा, हात मोकळे करा, खुर्चीची उंची जुळवून घ्या’ हे सांगितले कोणाला? मी एका खासगी रुग्णालयात बिलिंगला आहे, कंत्राटावर. खुर्ची लोखंडी, वर-खाली होत नाही. काउंटर उंच, त्यामुळे टायपिंग करताना मनगट सतत त्याच्या कडेवर दाबले जाते. तिथे आम्ही सगळ्याजणी रुमालाची घडी ठेवतो. रांग लागलेली असताना हात मोकळे करत उभी राहिले, तर आधी पेशंटचे नातेवाईक ओरडतात, मग सुपरवायझर.

रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते, करंगळी ठणठणीत. डॉक्टरांना त्यावरूनच अंदाज आला, कारण मनगटात दबणारी ती नस करंगळीपर्यंत जातच नाही. रात्री पट्टा बांधा आणि हाताला आराम द्या, म्हणाले. पट्टा दुकानात मिळाला. आराम घेतला की पगार कापतात.

कायद्यालाही हे दुखणे दिसत नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेले 29 रोग होते. शिसे, पारा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा, सगळे होते. तेच तेच काम करून झिजलेल्या हाताचे एकही दुखणे नव्हते. त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या 2020 च्या कामगार संहितेत ही चूक सुधारता आली असती, तिथेही 29च! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबण्याचे हेच दुखणे, 2010 मध्येच आपल्या यादीत घेतले. रामाझिनी या इटालियन वैद्याने तर कारकुनांच्या हातांचे हाल 1713 मध्येच लिहून ठेवले होते. आपल्याकडे यादीत नाव नाही, म्हणून मालकाने कळवायचे नाही. कळवले नाही म्हणून आकडा नाही. आणि आकडाच नाही तर मंत्र्यांना विचारणार काय?

शिवाय लेखासोबत चित्र कोणाचे, तर लॅपटॉपसमोरच्या सुटाबुटातल्या तरुणाचे! सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. त्यांनी दर अर्ध्या तासाने उठायचे, तर तेवढ्या कमी झालेल्या विड्यांची मजुरी कोण देणार? त्यांचे मनगट पुरवणीत कधी छापून येत नाही.

पुढच्या रविवारी व्यायामाऐवजी ती 29 रोगांची यादीच छापा आणि तिसावे नाव कधी घालणार, हे कामगारमंत्र्यांना विचारा.

— एक बिलिंग कर्मचारी, सोलापूर